साडेअकराची

"यशोधराबाई, ही बालवाडी आहे का एसटी स्टँड?"

कल्याणीमॅडमनी फळ्याकडे बोट केलं. फळ्यावर यशोधराबाईंच्या गोल अक्षरात नाचाच्या तासांचं वेळापत्रक होतं. 'मंगळवार. मोठा गट, सातची गाडी आल्यावर. छोटा गट, साडेअकराची आल्यावर.'

घोडेगावच्या या बालवाडीत बाई अठरा वर्षं असंच लिहीत आल्या होत्या. डोंगरातली माणसं घड्याळ कुठे बांधतात? त्यांचा दिवस गाड्यांवर चालतो. आणि गाडीचं एकदा पडलेलं नाव काही सुटत नाही. घाटातला रस्ता खचल्यापासून साडेअकराची गाडी लांबून वळसा घालून यायची, गावात पोचायला तिला सव्वाबारा वाजायचे. तरी ती साडेअकराचीच. कंडक्टरही तेच म्हणायचा आणि बाईही.

"पालकांना तसं सांगितलं की बरोबर कळतं, मॅडम."

"मग घड्याळाची सवय लावा त्यांना. दोन हजार पाच साल चालू आहे."

मॅडम पुण्याच्या. जूनपासून त्या इथल्या मुख्य झाल्या होत्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण त्यांना सगळं छापील लागायचं. दुसऱ्या दिवशी फळा पुसला गेला आणि तिथे कॉम्प्युटरवर काढलेला कागद चिकटला.

खरं तर नाच शिकवणं सोपं. संघर्ष सर मंचरवरून फटफटीवर यायचे, टेप लावायचे, पोरं नाचवायचे आणि जायचे. त्या नाचाला वेळ काढून देणं, ते बाईंच्या गळ्यात. एरवी दोनला आणि रविवारी बाराला भारनियमनाची लाइट जाणार, म्हणजे टेप बंद. त्याआधी डबे खाऊन व्हायला हवेत, नाहीतर पोरं रडतात. डबे लवकर उरकले तर पेंगतात. एकाला ऐन रांगेत शू येते, त्याच्यामागे पाच जणांना येते. वरून आया यायच्या, "बाई, आमच्या सार्थकला पुढं उभं करा बरं का." बाई हो म्हणायच्या. घरी गेल्यावर पाय पाण्यात सोडून बसायच्या. कंटाळल्या होत्या हो त्या, अगदी मनापासून कंटाळल्या होत्या.

त्यातल्या त्यात मोहिनीचा तास आला की बाई दारात उभ्या राहून बघायच्या. चार वर्षांची, डोंगरातली, काळीसावळी पोर. गावातल्या हायस्कुलातल्या मुलींबरोबर सातच्या गाडीने यायची. नाक सदा वाहतं, पण टेप वाजला की पाय असे नेमके पडायचे की सरसुद्धा मोजायचं विसरायचे. बालवाडीच्या वार्षिक संमेलनाच्या नाचात सरांनी तिला पहिल्या रांगेत मधोमध घेतलं होतं. ती तिथे नाचावी, एवढं एकच या वर्षी बाईंना मनापासून हवं होतं.

नाच सोळा जणांना येत होता आणि भाड्याचे पोशाख मिळाले बारा. सरांनी सांगितलं, "रविवारी शेवटची तालीम. त्या दिवशी जी मुलं असतील ती घेऊ. नंतर बदल नाही." सगळ्यांची वेळ साडेअकरा. मॅडमनी लगेच कागद छापला.

रविवारी हायस्कूल बंद, म्हणजे मोहिनीला आणणारं कोणी नाही. म्हणून शुक्रवारी तिचा आजा, बहिरूबाबा, स्वतः विचारायला आला. बाई तेव्हा एकीची वेणी घालत होत्या आणि दुसरी त्यांचा पदर ओढत होती.

"बाई, रव्वारी कवा आणू पोरीला?"

बाईंनी मान न वळवता कागद वाचला. "साडेअकराला या, बाबा."

"साडेआकराला. बरं बरं."

म्हातारा खुशीत गेला. बाईंनी वेणी पुरी केली.

रविवारी सव्वाअकरालाच बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साडेअकरा झाले. बारा मुलं आली होती, मोहिनी नव्हती. सरांनी टेप लावला. पावणेबारा झाले आणि बाईंना एकदम ती गाडी आठवली. साडेअकराला या! काय बोलून बसलो आपण?

"सर, पाच मिनिटं थांबा. मोहिनी येतीय."

"बाई, बाराला लाइट जातेय. मग मला अवसरीला जायचंय."

मधोमध सार्थक उभा राहिला. बारा वाजता टेप रडल्यासारखा आवाज काढून बंद पडला. मॅडमनी बारा नावं कागदावर उतरवली, सरांनी फटफटीला किक मारली.

साडेबाराला बहिरूबाबा फाटकातून आला. कडेवर मोहिनी, तिच्या अंगात नवाकोरा हिरवा परकर.

"तालीम झाली, बाबा," मॅडम म्हणाल्या. "वेळ साडेअकराची होती."

"मंग साडेआकराच्यानंच आलो की वो! उतारलो अन् सरळ हिकडंच आलो."

मॅडमनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. म्हाताऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि हात जोडले. "आमी अडाणी माणसं. चुकलं आमचं."

"तुमचं काही चुकलं न्हाई," यशोधराबाई म्हणाल्या. आवाज चढला होता, त्यांना आवरता आला नाही. "मॅडम, चूक माझी हाय. यांना साडेअकरा म्हणजे गाडी वाटणार, हे मला ठाऊक व्हतं. अठरा वर्षं ठाऊक हाय. तरी मी तुमचा कागद वाचून दाखवला. तिचं नाव घाला."

"बाई, पोशाख बाराच आहेत. आता कोणाच्या आईला सांगू, तुमचं मूल काढलं म्हणून? तुम्ही सांगाल?"

मॅडम कागद घेऊन आत गेल्या.

तोवर मोहिनी आज्याच्या कडेवरून उतरून हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. कमरेवर हात, एक पाय पुढे.

"बाई, टेप लावा."

बाई तिच्यापुढे फरशीवर बसल्या. लाइट आली की लावू म्हणून सांगता आलं असतं, पोरीला पटलंही असतं. पण आज आणखी एक खोटी वेळ द्यायला त्यांची जीभ वळेना.

"नाच झाला गं. तुझं नाव राह्यलं. माझ्यामुळं राह्यलं."

पोरीने कमरेवरचा एक हात खाली घेतला. मग दुसरा. ती आज्याकडे वळली.

"मग परकर काढू?"

"ऱ्हाऊ दे अंगात," बहिरूबाबा म्हणाला. "आजीनं शिवलाय. आज दिसभर घाल."

परकराची नाडी सुटली होती. बाईंनी ती घट्ट बांधून दिली.