एल्मारची पेटी, जोनाबेलचे पेडल

ओतोन गावच्या एका कारखान्यात एल्मार जीपनींच्या, म्हणजे लांबट प्रवासी जीपगाड्यांच्या, बॉडीचं वेल्डिंग करायचा. हातात कसब होतं आणि ते आहे हे त्याला पक्कं ठाऊकही होतं. तरी तुझं सगळ्यांत चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर त्यानं एकाही जीपनीचं नाव घेतलं नसतं. घरच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं असतं.

तो त्यानं बहिणीसाठी उभा केला होता. जोनाबेल शाळेत असताना मोटरसायकलवरून पडली आणि तिचा उजवा हात खांद्यापासून लुळा झाला. त्याआधी गल्लीतल्या गेमच्या दुकानात तिच्यासमोर खेळायला बसताना भलेभले कचरायचे. अपघातानंतर ते दुकान आलं की ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची. एल्मारला ते बघवेना. त्यानं इकडून तिकडून जुने भाग मिळवले, जीपनीच्या उरलेल्या पत्र्याची पेटी केली आणि टेबलाखाली पेडलांची रांग बसवली. पेडलांच्या तारा एका मोडक्या कीबोर्डच्या आतल्या सर्किटच्या पट्टीला जोडल्या. डाव्या हातात माऊस, बाकी सगळं पायांनी.

सुरुवातीला ती सारखी हरायची. रडली कधी नाही, शिव्या मात्र अशा द्यायची की त्यांची आई, नानाय, उठून खिडकी लावून घ्यायची. हळूहळू पाय सरावले. पुढं ती व्हेन्जी नावाच्या मैत्रिणीच्या संघात आली, एवढंच नाही तर लांबलांबच्या देशांतल्या पोरांना पैसे घेऊन खेळ शिकवू लागली. त्यांतल्या कुणालाही ती पायांनी खेळते हे माहीत नव्हतं.

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. इलोइलो शहरातल्या स्पर्धेसाठी पात्रता सामना चालू होता. जोनाबेलच्या बाजूचे सगळे मेले होते, समोर दोघं उरले होते, आणि नेमकं चित्र गोठलं. परत हललं तेव्हा तीही मेलेली होती. संघाला अजून एक संधी होती म्हणून निभावलं.

"इंदाय, हा डबा आता म्युझियमला देऊन टाक," व्हेन्जी लाडानं जोनाबेलला म्हणाली.

"डबा कुणाला म्हणतेस?" एल्मार उसळला. "एक ग्राफिक्स कार्ड बदललं की पळेल बघ."

त्यानं जुन्या बाजारातून दमदार कार्ड आणलं. ते पेटीत मावेना, म्हणून पत्रा कापला. कार्ड बसलं, पण खेळ रंगात आला की वीज कमी पडून कॉम्प्युटर बंद व्हायचा. "पॉवर सप्लाय बदलतो," एल्मार म्हणाला. दुकानदारानं सांगितलं, बोर्डही बदलावा लागेल.

जेवताना जोनाबेलनं थोरल्या भावाला विचारलं, "मनोंग, कार्ड बदललंस, आता पॉवर, मग बोर्ड. शेवटी जुनं उरणार काय?"

"पेटी."

"मी पेटीनं खेळते का?"

एल्मारनं हातातला घास ताटात टाकला. "नवा आणशील, पण त्याला तुझे पेडल चालतील का? त्या पट्टीची जुनी गोल पिन नव्यात घुसेल कुठं?" असं म्हणून तो ताट सारून उठला. नानायनं सुकी मासळी परत झाकून ठेवली आणि म्हणाली, "पोरीवर रुसलास की पत्र्यावर?"

चार दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. एकदा कारखान्यातली वीज गेली म्हणून दुपारीच घरी परतला आणि दारातच थबकला. जोनाबेल जमिनीवर बसली होती. पुढ्यात पेडल उलटे पडलेले. उजव्या पायाच्या बोटांत तिनं तार चिमटून धरली होती, डाव्या हातात सोल्डरिंग आयर्न होतं, आणि जीभ दातांत धरून ती डाग देत होती. जुन्या पट्टीच्या जागी एक छोटासा नवा बोर्ड होता. पायाला चटका बसला. तिनं सणसणीत शिवी हासडली, पाय झटकला आणि तीच तार पुन्हा बोटांत पकडली.

एल्मारचे हात शिवशिवले. पुढं होऊन तार धरावी असं फार वाटलं, पण तो दाराची चौकट धरून उभा राहिला. काही डाग ओबडधोबड होते, पण तिनं ओढून पाहिल्यावर एकही सुटला नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

ती दचकली, मग हसली. "तू पेटीचे लाड करत होतास तेव्हापासून. हे आता कुठल्याही मशीनला लागतं."

"आणि जुन्या पट्टीत वाईट काय होतं?"

जोनाबेलनं आयर्न खाली ठेवलं. "ती उशीर करायची, मनोंग. पेडल दाबला की किंचित थांबायची. मला इतकी वर्षं वाटायचं, माझाच पाय जड आहे. कालच कळलं, दोन पेडल या नव्या बोर्डाला जोडून व्हेन्जीच्या मशीनवर पाहिले तेव्हा."

एल्मारनं ती जुनी पट्टी उचलून हातात घेतली. म्हणजे ही पोर आजवर प्रत्येक चाल क्षणभर आधी ओळखून पाय टाकत होती. त्याच्या सदोष पट्टीवर ती एवढी वर गेली होती. त्याला आपली लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी, पण त्याहून जास्त ऊर भरून आला.

"नवाच घे," तो म्हणाला.

"घेतलाय. शिकवणीच्या पैशांतून. उद्या येतोय," ती म्हणाली. "पण पेडलांच्या स्प्रिंगा तुझ्याच राहणार. आणि टाचेला टेकायला काहीतरी करून दे, पाय घसरतो."

त्या रात्री एल्मार दोन वेळचं एकदम जेवला.

इलोइलोत पहिल्या सामन्यात जोनाबेलनं समोरच्यांना श्वास घेऊ दिला नाही. सामना संपल्यावर त्यांचा कप्तान हात मिळवायला आला, तिला डावा हात पुढं करताना पाहून गोंधळला आणि मग टेबलाखाली वाकला. बराच वेळ तो वर आलाच नाही. त्यानं आपल्या पोरांना हाक मारली आणि सगळे गुडघ्यांवर बसून बघत राहिले.

"कुणी बनवलं?" त्यानं विचारलं.

"सांगाडा माझ्या मनोंगचा, मेंदू माझा," जोनाबेल म्हणाली.

दुसऱ्या सामन्यात मात्र ते हरले, चांगलेच हरले. संध्याकाळी सगळे तिथल्याच ला पाझ भागातल्या बाजारात बाचोय, म्हणजे नूडल्सचं सूप, खायला बसले. चूक कुणाची यावरून व्हेन्जी आणि जोनाबेल यांची जुंपली.

"तू डावीकडून वळायला हवं होतंस!"

"वळले असते तर तुझं मढं उचलायला कोण होतं? बघ, मी इथं होते, तू इथं..."

बोलता बोलता जोनाबेलनं चपला काढल्या होत्या आणि टेबलाखाली तिचे पाय फरशीवर नाचत होते. टाच, चवडा, पुन्हा टाच, अंगठा बाजूला. हरलेला सामना ती पावलांनी पहिल्यापासून खेळून दाखवत होती. एल्मार खाली वाकून बघत राहिला.

"मनोंग, सूप निवतंय," ती म्हणाली.

"निवू दे. तू ते वळण पुन्हा दाखव."