उद्या या

पडद्यावरचा टोपीवाला चौथ्यांदा खड्ड्यात पडल्यावर मावशींनी वहीत वेळ टिपली आणि त्याला पुन्हा उभं केलं. जिथे पंचवीस वर्षं मुद्रितं तपासली तो छापखाना बंद पडला, तेव्हा भाचीच्या ओळखीने त्यांना हे काम मिळालं होतं: व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. बाकीचे खेळताना हसून लोळायचे. मावशी ऱ्हस्व-दीर्घ तपासावं तशा चेहऱ्याने खेळायच्या.

गेम कोड्यांचा, पण तऱ्हेवाईक. टोपीवाला उड्या मारत, खोकी ढकलत दारापाशी पोचायचा, आणि दार उघडायची रीत दर वेळी उफराटी. एक दार पाठ फिरवल्यावर उघडे, एक कोंबडीची माफी मागितल्यावर.

शेवटच्या दाराशी उंच स्टुलावर शिपाई होता. काहीही करा, तो म्हणे, "उद्या या." खिडकीतून आत शिरलं तर आतही तोच शिपाई, तेच स्टूल. त्याची नजर चुकवून स्टूल पळवायचं आणि आपणच त्यावर बसायचं, हे उत्तर. मग शिपाईच हात जोडून विचारी, "साहेब, आत जाऊ का?" टोपीवाल्याने "उद्या या" म्हटलं की दार उघडे.

सगळं ऑफिस हसलं. गेम रचणाऱ्या मुलीला सगळे छोटी म्हणत. तिने विचारलं, मावशी, तुम्हाला नाही आवडलं? मावशी म्हणाल्या, छान आहे, चूक सापडत नाही. आपल्या नवऱ्याने अशाच एका दाराशी एकतीस वर्षं काढली, हे त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी त्यांनी लॅपटॉप घरी नेला आणि धीर करून ती शिपायाची लेव्हल नवऱ्याला दाखवली. त्याने दोनदा पाहिली. हसला नाही, चिडलाही नाही.

"स्टूल फार उंच काढलंय," तो म्हणाला. "पाय लोंबतायत त्याचे. संध्याकाळी चालता येणार नाही."

"गंमत आहे हो ती."

"असू दे की. पण घंटा कुठाय? 'उद्या या' मी माझ्या मनाने एकदाही म्हटलं नाही. आतून घंटा वाजायची, मग म्हणायचो." मग त्याने विचारलं, "आणि टोपीवाला आत गेल्यावर हा शिपाई उभाच राहतो?"

मावशी वरमल्या. शंभरदा खेळूनही त्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी तीन चुका लिहून दिल्या. स्टूल ठेंगणं करू, घंटेने तर मजा वाढेल, असं छोटी म्हणाली. तिसरीपाशी अडली.

"दार उघडल्यावर मागे कोण बघतंय, मावशी?"

"माझ्या नवऱ्याने बघितलं. शिपाई होता तो."

छोटीने ती लेव्हल पुन्हा उघडली. मग कामाला लागली. आता मागे जाऊन स्टूल परत देता येऊ लागलं. गुण मिळत नाहीत. शिपाई बसतो, एवढंच.

गेमच्या शेवटी झळकणाऱ्या, तो बनवणाऱ्यांच्या यादीत घालायला छोटीने मावशींच्या नवऱ्याचं नाव मागितलं. तो म्हणाला, "नाव कशाला? शिपाई लिही. कचेरीत तेवढंच चालायचं."

गेम बाजारात आला त्या दिवशी मावशी तो घरी लावून शेवटपर्यंत खेळल्या. नवरा चष्मा शोधेपर्यंत यादी सरकून गेली. पुन्हा बघायची तर शेवटची लेव्हल पुन्हा खेळावी लागणार होती. मावशी खेळायला बसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून तो शेजारी थांबला. घाई करू नकोस, म्हणाला, मी आहे.