माझी पानं मीच गाळली

मित्रांनो, बदलापूरहून सोनिवलीला जाणाऱ्या वाटेवर, हरिचंद्राच्या गोठ्यामागे जी एक म्हातारी जांभळ उभी आहे, ती मी. म्हाताऱ्या झाडानं सावली द्यावी आणि गप्प राहावं, असं सगळ्यांना वाटतं. पण मला आज गप्प राहायचं नाही. जे मी स्वतः केलं, माझ्या अंगातल्या बळानं केलं, त्याचा आळ गावानं एका बाईवर घेतला. तेव्हा मला बोलता आलं नाही. निदान तुम्ही तरी ऐकून घ्या.

माझा जन्म साधाच. वाटेनं जाताना कुणीतरी जांभूळ चोखून बी थुंकली आणि ती पावसात रुजली. एका बीतून तीन कोंब आले होते. दोन बकऱ्यांनी खाल्ले, मी उरले.

लोक म्हणतात, झाड काय, आपोआप वाढतं. हे ऐकलं की मला संताप येतो. आपोआप काहीच होत नाही, मित्रांनो! माझ्या अंगात दिवसरात्र निरोप धावत असतात. तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना संप्रेरकं म्हणतात. माझा शेंड्याचा कोंब खाली निरोप पाठवतो, त्याचं नाव ऑक्झिन. तो बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे अजून न फुटलेल्या कोंबांना, सांगतो, "थांबा, आधी मला उंच जाऊ द्या." मुळं वर दुसरा निरोप पाठवतात, "इथं पाणी भरपूर आहे, आता फांद्या फुटू द्या." वैशाखात जमीन तडकली की तीच मुळं तिसराच निरोप धाडतात आणि मी पानांची बारीक तोंडं मिटून घेते, पाणी राखते. फांदी कुठं वळवायची, मोहर कधी धरायचा, पान कधी सोडायचं, हे सारं असंच ठरतं.

आणखी एक गोष्ट माझ्या अंगात असते, ती जरा धोक्याची. तिखट झालेला ऑक्सिजन म्हणा हवं तर. तुम्ही श्वासात घेता त्याचाच हा चिडका भाऊ. तो मी स्वतःच थोडा थोडा तयार करते. मुळाचं टोक पुढं सरकायला तो लागतो, एका पानाला इजा झाली तर दुसऱ्या पानाला सावध करायलाही तोच धावतो. चुलीत आहे तोवर तो विस्तव. छपरावर गेला की आग.

अशी मी वाढले, फळायला लागले, आणि भिकी माझ्याकडे येऊ लागली.

भिकी पलीकडच्या डोंगरपाड्यावरची. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. मे महिना सरत आला की ती पहाटेच यायची, माझ्या फांद्या न मोडता आकडीनं फळं उतरवायची, पळसाच्या पानांत बांधून टोपली भरायची आणि उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात नेऊन विकायची. परत आली की माझ्या बुंध्याशी बसून भाकरी खाता खाता ती एकटीच मला सांगत राही. तिथल्या सिंधी बायका साखरेच्या आजारासाठी बियासुद्धा मागून घेतात. जीन्सच्या कारखान्यातली पोरं निळ्या झालेल्या बोटांनी जांभळं खातात आणि मग त्यांची जीभही निळी होते. हे सांगताना ती स्वतःच हसायची. मला तिचं येणं आवडायचं.

जमीन हरिचंद्राची होती. त्याची बायको चिमी स्वभावानं वाईट नव्हती, पण तोंडानं फटकळ. इतकी वर्षं तिनं भिकीला कधी अडवलं नव्हतं. एकोणीसशे एक्क्याण्णव साली मात्र फळ कमी आलं, त्यात तिच्या माहेरचे पाहुणे येणार होते. भिकी आकडी घेऊन आली तेव्हा चिमी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"यंदा नाय गो. यंदा आमालाच पुरायची नाय."

"दोन टोपल्या तरी नेऊ दे, चिमे. पावसाचा दाणागोटा यातूनच भरतंय मी."

"झाड काय तुज्या बापाशीनं लावलंय?"

भिकीच्या हातातली आकडी खाली पडली. ती कधी रागावत नसे. त्या दिवशी रागावली.

"माज्या नाय, तसा तुज्या पण नाय! मला नाय ना देत? मग नको ऱ्हाऊ दे या जांभलीवर एक पान!"

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. रागात माणूस काय काय बोलतं! तुम्हीही बोलता. मी ते मनावर घेतलं नाही. चिमीनंही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडच्या रसायनांच्या कारखान्याकडून वारा आला आणि त्याबरोबर हिरवट पिवळा धूर जमिनीलगत सरपटत आला. ब्लीचिंग पावडरीसारखा उग्र वास. कोंबड्या पंख पसरून पडल्या. लोक डोळे चोळत, खोकत घरात पळाले. चिमीची धाकटी जनी अंगणात खेळत होती, तिला श्वास घेता येईना. दोन वर्षांचं पोर ते! हरिचंद्रानं तिला उचललं आणि बदलापूरच्या डॉक्टरकडं धाव घेतली.

त्यांना निदान पळता आलं. मी कुठं जाऊ?

तो वायू माझ्या पानांच्या उघड्या तोंडांतून आत शिरला, आतल्या ओलाव्यात विरघळला आणि माझ्यातला तो विस्तव भडकला. ज्याला मी मोजूनमापून वापरत होते, तो तिखट ऑक्सिजन प्रत्येक पानात उसळला. त्याला विझवणारी रसायनंही माझ्याकडे असतात. ती झगडली आणि संपली. पानांवर तपकिरी डाग पडत गेले. तेव्हा मी शेवटचा निरोप सोडला. त्याचं नाव इथिलीन. तो वाऱ्यासारखा असतो, पानापानांत पसरतो आणि देठाच्या मुळाशी असलेल्या पातळ थराला सांगतो, "सोड."

दोन-तीन दिवसांत माझी पानं गळली. डाग पडलेली गळली, हिरवी दिसणारीही गळली. पण ती पडली नाहीत, मित्रांनो. मी ती सोडली! विष त्यांच्यातच अडकावं, फांद्यांत आणि खोडात उतरू नये, म्हणून सोडली. मी मरत नव्हते, मी जगायची धडपड करत होते.

आणि गावानं काय म्हणावं?

"भिकीचा शाप लागला!"

पहिल्यांदा हे कुणी म्हटलं, मला माहीत नाही. पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. जनी दवाखान्यातून घरी आली होती, तरी तिची छाती अजून वाजत होती. चिमी पोरीला मांडीवर घेऊन रडत म्हणत होती, "झाड खाल्लान, आता माजी पोर खाईल."

हरिचंद्र आणि त्याचा शेजारी मधु पाड्यावर गेले. त्यांनी भिकीला हाताला धरून ओढत आणलं आणि माझ्या बुंध्याशी बसवलं. पाच-पंचवीस माणसं गोळा झाली.

"शब्द मागं घे," हरिचंद्र म्हणाला. "नायतर आजच्या आज हा मुलूख सोड."

भिकीनं वर पाहिलं. माझ्या उघड्या फांद्या पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. आणि मग ती जे बोलली, त्यानं माझ्या मुळापर्यंत आग झाली.

"बोलली खरी मी," ती हळूच म्हणाली. "पण मला म्हाईत नव्हता, माज्या जिभेला इतका इख हाय. घेतला मागं. जनीला बरा वाटू दे."

तिचाही विश्वास बसला होता! माझं काम, माझं दुखणं, कारखान्याचं पाप, सगळं त्या बाईनं स्वतःच्या माथ्यावर घेतलं. मी ओरडायला हवं होतं. झाडाला तोंड नसतं, ही गोष्ट मला त्या दिवशीइतकी कधीच बोचली नाही.

एवढ्यावरही त्यांचं भागलं नाही. झाडात काही शिरलं असेल तर ते काढायला हवं, असं कुणीतरी म्हणालं. हरिचंद्र कुऱ्हाड घेऊन वर चढला आणि त्यानं माझा शेंडा उडवला.

तो खाली उतरतच होता, तेवढ्यात मालिनीबाई आल्या. त्या गावच्या शाळेत शिकवत. मूळच्या अंबरनाथच्या, इथं मधूच्या घरात खोली घेऊन राहत. सुट्टीत घरी गेल्या होत्या, त्या नुकत्याच परतल्या होत्या. हातातली पिशवीही त्यांनी खाली ठेवली नव्हती, पण धुराची आणि जनीच्या खोकल्याची गोष्ट वाटेतच कानावर आली होती आणि करपलेली परसंही त्यांनी येताना पाहिली होती.

"काय चाललंय हे?" त्या म्हणाल्या. "भिकीताई, उठा आधी."

"बाई, तुमी यात पडू नका," मधु म्हणाला. "हिनं झाडाला शाप दिलान. समद्यांनी आयकलाय."

"झाडालाच दिला ना?"

"हां, झाडालाच."

"मग मधुदादा, तुमच्या परसातली केळ का करपली? तिला कुणी शाप दिला? चिमीवहिनींचा कारल्याचा मांडव का वाळला? पोरीला खोकला का आला? आणि हरिचंद्रभाऊ, या जांभळीच्या गोठ्याआडच्या फांद्यांवर पानं अजून शाबूत आहेत. शाप काय भिंत बघून थांबला? भिंत आडवी आली ती कारखान्याच्या वायूला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. कितीतरी दिवसांत माझ्याकडे नीट बघणारी ती पहिली माणसं. खरंच, गोठ्याच्या उंच भिंतीमागच्या दोन फांद्या हिरव्या होत्या. वारा तिथं पोचला नव्हता.

"पन हिरवी पानं कशी पडली?" हरिचंद्रानं विचारलं. "वायूनं जळली आसती तर वालली आसती. ही ताजी पडल्यान."

प्रश्न चांगला होता. मालिनीबाई चिमीकडं वळल्या.

"वहिनी, आंब्याच्या अढीत एक आंबा आधी पिकला, की बाकीचे का पिकतात?"

चिमी डोळे पुसत म्हणाली, "त्याचा वास लागतो त्यांना."

"तो वास म्हणजे एक वायू. इथिलीन म्हणतात. आंबा सोडतो, आणि संकटात सापडलेलं झाडही सोडतं. त्यानंच फळ पिकतं आणि त्यानंच पान गळतं. मी दाखवते. पण तोवर भिकीताईंना कुणी बोट लावायचं नाही. त्या माझ्या खोलीत राहतील."

कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी अडवलंही नाही.

मालिनीबाईंनी गोठ्याआडच्या फांदीवरून पानांच्या दोन डहाळ्या कापल्या. पाण्याच्या छोट्या बाटलीत एकेक उभी करून दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत ठेवली. एका बरणीत चिमीच्या अढीतले पिकलेले आंबे ठेवले, दुसरीत काहीच नाही. दोन्हींची झाकणं घट्ट लावली आणि बरण्या चिमीच्याच ओटीवर ठेवल्या. चिमी म्हणाली होती, "माज्या नजरेसमोर ऱ्हाऊ दे. मला कोन फसवायला नको."

त्याच आठवड्यात कारखान्याचे दोन साहेब जीपमधून आले. पॉलिश केलेले बूट घालून माझ्या पानांच्या ढिगावर उभे राहिले.

"गॅस-बीस काही सुटलेला नाही," एक म्हणाला. "झाडाला रोग आहे. तोडून टाका, लाकूड तरी मिळेल."

माझ्या हिताची केवढी काळजी! भिकीच्या शापाची गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली, तर तो हसला आणि म्हणाला, "असेल बुवा, गावात असं असतं." शाप त्याला सोयीचाच होता. सगळं पाप एका विधवेच्या नावावर जाणार असेल, तर त्याला आणखी काय हवं?

चार-पाच दिवसांनी चिमीनं सगळ्यांना ओटीवर बोलावलं. मी गोठ्यामागून ऐकत होते. तिनं आंबे नसलेली बरणी उघडून डहाळी हलवली. पानं घट्ट होती. मग आंब्यांची बरणी उघडली. डहाळीला बोट लागताच हिरवीगार पानं टपटप खाली पडली.

चिमीनं त्यातलं एक पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आता बोला. या आंब्यांनी शाप दिला का?"

हरिचंद्र उठला आणि चार माणसं घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेला. सोबत मालिनीबाई होत्या आणि कडेवर जनीला घेतलेली चिमीही होती. फाटकावरच्या माणसानं त्यांना दिवसभर उन्हात उभं केलं आणि साहेब नाहीत म्हणून सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी गेले, पुढच्या आठवड्यातही गेले. अखेर तपासायला सरकारी माणूस आला आणि कारखान्याला तिथली एक जुनी टाकी बंद करावी लागली. चूक झाली, असं मात्र कुणीही म्हणालं नाही. जनीची छाती हिवाळा आला की पुढं कितीतरी वर्षं भरून येत असे.

भिकी राहिली नाही. बरण्या उघडायच्या आदल्या दिवशीच ती मालिनीबाईंना न सांगता निघून गेली होती, वांगणीकडं भावाच्या पाड्यावर. निर्दोष ठरली तेव्हा ती ऐकायला तिथं नव्हतीच.

मला मात्र राहायचं होतं. हरिचंद्रानं शेंडा तोडला, त्याबरोबर खाली जाणारा "थांबा" हा निरोपही तुटला. वर्षानुवर्षं झोपलेले बाजूचे डोळे जागे झाले. मुळांनी निरोप वर पाठवला आणि आषाढ संपायच्या आत माझ्या अंगावर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. उघड्या फांद्या पुन्हा भरल्या.

ते पाहून चिमी वांगणीला गेली. एकटीच गेली. भावाच्या घरी काय बोलणं झालं, मला माहीत नाही. परत आली तेव्हा भिकी तिच्यामागून चालत होती, चार पावलं अंतर ठेवून. माझ्याजवळ येईपर्यंत भिकीनं मान वर केली नाही.

"बघ," चिमी म्हणाली.

भिकीनं वर पाहिलं. मग हात लांब करून खालच्या फांदीची कोवळी पानं बोटांत धरली. फार हळू धरली, जणू तिच्या स्पर्शानं ती गळतील.

ती गळली नाहीत.

"म्हंजे मी नव्हता केला," ती म्हणाली. पुन्हा एकदा तेच म्हणाली, आणि माझ्या बुंध्याला पाठ लावून बसून ती रडली. चिमीही तिच्याशेजारी बसली. "माजा चुकला गो," एवढंच तिला बोलता आलं.

मित्रांनो, भिकी त्यानंतर जांभळं न्यायला येत राहिली, पण माझ्याखाली बसून पूर्वीसारखी मोठ्यानं कधी बोलली नाही. शब्द तोंडातून काढायची तिला भीती बसली होती. माझा शेंडा भरून आला, तिचा आवाज आला नाही. हाच माझा राग आहे, आणि तो जाऊ नये असं मला वाटतं.

तुमच्या दाराशी एखादं झाड भलत्या ऋतूत पानं टाकू लागलं, तर त्याच्याजवळ जा. वारा कुठून येतो ते बघा, पाणी हुंगा, माती हातात घ्या, शिकलेल्या माणसाला विचारा. ज्यानं विष सोडलं त्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहा, तो दार उघडेपर्यंत. आणि तोवर कुणी कुठल्या बाईचं नाव घेऊ लागलं, तर त्याला तिथंच थांबवा. झाडाला तोंड नाही. तुम्हाला आहे.