दोघींचं वजन अठ्ठेचाळीस

शेवगावच्या पुढे एका लहानशा गावात आरोग्य उपकेंद्र आहे. तिथे दारामागे भिंतीला टेकून उभा असतो तो मीच, मित्रांनो. मी सुईचा जुना वजनकाटा आहे. पत्रा, स्प्रिंग आणि एक लाल सुई, एवढ्यावर कारखान्यात माझी जुळणी झाली आणि टेम्पोत बसून मी इथे आलो.

सुरुवातीला माझा काय थाट होता! बायका चपला बाहेर काढून, पदर सावरून माझ्यावर उभ्या राहायच्या. काहीजणी तर श्वास रोखून धरायच्या, जणू श्वासाचंही वजन भरतं. पुढे आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि मी अडगळीत पडलो. माझ्या पोटाखाली पालीने बिऱ्हाड केलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी ऊसतोडीला निघालेल्या बायकांची तपासणी होती. नेमका त्याच दिवशी नव्या काट्याचा सेल संपला. प्रणिता सिस्टरांनी मला पुसलं, सुई शून्यावर आणली आणि मधोमध मांडलं. मी पुन्हा कामाला लागलो.

भीमाबाई आपल्या सुनेला, पंकजाला घेऊन आल्या होत्या. भीमाबाई बुटक्या आणि अंगाने भरलेल्या, तर पंकजा चांगली उंच आणि काटकुळी. त्यांच्याकडे अशा सुनेचं कौतुक फार, कारण उसाची मोळी ट्रकवर चढवायला उंच बाई बरी पडते. सासू माझ्यावर चढल्या, सुई अठ्ठेचाळीसवर थांबली. सून चढली, पुन्हा अठ्ठेचाळीस. भीमाबाईंचा चेहरा खुलला.

"बघा सिस्टर, आमी दोगी सारख्याच. मंग हिला काय धाड भरलीय? उगंच दमले दमले करती."

मलाही ते पटलं होतं. पण सिस्टरांनी दोघींना भिंतीवरच्या पट्टीशी उभं करून उंची मोजली. मग त्यांनी घरातलंच उदाहरण दिलं. तेवढंच पीठ लहान डब्यात भरलं तर डबा शिगोशीग भरतो, मोठ्या डब्यात ओतलं तर तळाशी बसतं. म्हणून किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने एकदा भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनेच भागायचं. आपल्याकडच्या बायकांचा हा आकडा साधारण साडेअठरा ते तेवीसच्या आत असावा. भीमाबाईंचा तेविसाच्या थोडा वर गेला, म्हणजे साखर आणि बीपीवर लक्ष ठेवायला हवं. पंकजाचा अठराही भरला नाही. नुसत्या आकड्यावरही सगळं ठरत नाही, आणि पोटुशी बाईला तर हा हिशेब लावायचाच नाही, असंही त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी रक्त तपासलं. तेही कमी निघालं.

मग त्यांनी पंकजाला विचारलं, चक्कर येते का? तिने आधी सासूकडे बघितलं.

"मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढं अंधारी येती," ती हळूच म्हणाली. "सांगावं कुनाला?"

घरात ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची आणि टोपल्यात उरेल तेवढ्यावर भागवायची. भीमाबाईंनीही नवी नवरी असताना तेच केलेलं, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं की यंदा हिला ऊसतोडीला नेऊ नका, मोळीखाली कोसळली तर काय कराल? पण ऊसतोडीला जोडीच लागते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. भीमाबाईंच्या मुलाने, अंगदने, मुकादमाला शब्द दिलेला होता. एकट्या गड्याला टोळीत कोण घेणार?

भीमाबाई पायरीवर बसून गुडघे चोळू लागल्या. मग उठल्या.

"या साली अंगदसंगं म्या जाते."

"आत्या, तुमच्या गुडघ्याला झेपंल का?" पंकजा घाबरून म्हणाली.

"गुडघ्याचं मी बघते. तू जेवायचं बघ. आन् शेवटाला न्हाई, भाकर गरम हाय तवाच."

हंगामभर पंकजा दर महिन्याला येत राहिली. गोळ्या घ्यायची, मटकी, अंडी, शेंगदाणे खायची आणि वेळेवर जेवायची. माझी सुई हळूहळू पुढे सरकत होती आणि मला माझाच अभिमान वाटत होता.

गुढीपाडव्यानंतर टोळी परतली. भीमाबाई रापून, वाळून आल्या होत्या. तोवर नवा काटा सुरू झाला होता, पण त्यांनी हट्टाने मलाच मागितलं. पंकजा बावन्न भरली. भीमाबाई चव्वेचाळीस. आता दोघींचाही आकडा बरोबर बसतो, सिस्टर म्हणाल्या, पण मावशी, तुमचं हे कष्टाने उतरलंय, आता विसावा घ्या आणि नीट जेवा.

भीमाबाई माझ्या सुईकडे बघून हसल्या.

"उतरंना का. घराच्या भाईर कुटं गेलं? माजं उतरलं ते लेकीच्या अंगाला लागलं."

त्या दिवशी त्यांनी तिला पहिल्यांदा लेक म्हटलं.

मित्रांनो, तुमच्या आईला, बहिणीला काट्यावर उभं करा तेव्हा तिची उंचीही मोजा. आणि आज घरी जेवायला बसाल तेव्हा ती बसली आहे का, ते बघा. किती किलो ते मी सांगेन, पण कोण अर्धपोटी उठलं ते तुम्हालाच बघावं लागेल.