बिनकाट्याचा मासा

उत्तरेचा तो समुद्र. धूम्रवर्ण, मौनमग्न, आभाळाला चिकटून पडलेला. भरती ओसरत होती आणि ओल्या वाळूवर उरलेला उजेड कथलाइतका फिका होता. सूर्य उगवला होता म्हणे. पण इथला सूर्य घाईच्या पाहुण्यासारखा दारातूनच डोकावतो आणि चहा न घेता निघून जातो.

त्या समुद्राकडे पाठ करून जयवंती कुबल दुकानात शिरली. नेसूचं जांभळं लुगडं, त्यावर सुनेचा जुना लोकरी कोट. दुकान तळलेल्या माशाचं, बटाट्याच्या चिप्सचं. दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं स्वस्तातलं जेवण: लहान मासा, चिप्स, वाटाणे, लोणी लावलेला पाव, चहा.

"मासा मिळतो तिथे, आये. एकदा जाऊन तर बघ," असं म्हणून मुलगा उल्हास सकाळी एक नोट हातावर ठेवून कामावर गेला होता. सून कामावर, नात शाळेत. आणि दुपार, ती दीर्घ, निःशब्द, परक्या भिंतींची दुपार, सबंध जयवंतीच्या वाट्याला.

तिने फळ्याकडे बोट दाखवलं. "फिश," म्हणाली. गल्ल्यामागची मॉरीन, दुकानाची मालकीण, पिकल्या केसांची, पांढऱ्या एप्रनमधली, हसून म्हणाली, "बस, लव्ह. आणते." इथे अनोळख्यालाही मायेने 'लव्ह' म्हणतात. शब्द कळले नाहीत, खुर्ची कळली.

मासा आला. सोनसळी, पिठाच्या फुगीर कवचात लपेटलेला, वाफाळता. शेजारी वाटाण्यांचा हिरवा लगदा. चांगल्या वाटाण्यांचा असा लगदा का करतात, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. व्हिनेगरचा आंबूस दर्प नाकात शिरला आणि जयवंतीला एकदम आपल्या आमसुलांची आठवण झाली.

आणि हात कामाला लागले.

काय ते हात! आचऱ्याच्या खाडीकाठचे, क्षारगंधी, मत्स्यगंधी, उन्हाने आणि मिठाने राबवलेले. पेडव्यांतले केसाएवढे काटे हे हात अंधारात काढत. आधी लेकरांसाठी. मग, भिकाजीच्या, तिच्या घोवाच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर, त्याच्यासाठी. घासाएवढा मासा निवडायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, पुन्हा निवडायचा. सगळे जेवून उठले की जयवंती जेवायला बसे. तिचा भात गार झालेला असे आणि तिच्या माशाचे काटे तिची तीच, जिभेनं काढी.

हातच ते, चुकत कधीतरी. शेवटच्या वर्षांत भिकाजीचं ताट उचलताना तिला कडेखाली एखादा काटा सापडे. लागलेला, गुपचूप काढलेला, तिला वाईट वाटू नये म्हणून लपवलेला. तो कधी बोलला नाही. तिनेही कधी विचारलं नाही. तेवढ्या एका काट्यावर त्यांचा संसार शेवटपर्यंत तोलून राहिला होता.

भिकाजी गेला. घराला कुलूप लागलं. मुलाने तिला इकडे परदेशात आणलं, मायेनेच आणलं. पण इथे घरात येणारा मासा चौकोनी होता, खोक्यातला. पहिल्याच आठवड्यात तिने नातीच्या, रेवाच्या, ताटलीत बोटं घातली, तेव्हा रेवा म्हणाली, "आजी, त्यात काटे नसतात," आणि ताटली अलगद आपल्याकडे ओढून घेतली. पोर काही वाईट बोलली नव्हती. तरी ते जयवंतीला लागलं, आणि लागून राहिलं.

तेव्हापासून एक वाक्य ती मनात घोळवत होती. शनिवारी उल्हासला सांगायचं, "माका गावाक धाड." हाताला काम नसेल तिथे माणसानं राहावं कशाला? पण गावीही आता ताट कुणाचं वाढायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. दोन्हीकडे समुद्र होता. निवडून द्यायला दोन्हीकडे कुणी नव्हतं.

कवच दूर झालं. आतला मासा शुभ्र, स्निग्ध, पाकळी पाकळी सुटणारा. बोटं पाकळ्यांतून फिरली. काटा नाही. पुन्हा फिरली. काटा नाही. डोळे खिडकीबाहेरच्या करड्या पाण्यावर आणि बोटं शोधतायत, शोधतायत. जेव्हा तिने खाली पाहिलं, तेव्हा सबंध मासा मोडून ताटलीच्या कडेला ढीग झाला होता. स्वच्छ, निवडलेला, गार.

कुणासाठी? समोरची खुर्ची रिकामी होती.

मॉरीनने ते पाहिलं आणि लगबगीने आली. बोट घशाकडे नेत म्हणाली, "बरा नाही का मासा? काटा लागला का, लव्ह?"

जयवंतीने मान हलवली. आपल्या बोलीत म्हणाली, "एकय काटो नाय गो, बाये. कोणी काढल्यान?"

मॉरीनला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण त्या मोडलेल्या माशाकडे, त्या निवडणाऱ्या बोटांकडे पाहता पाहता तिला काहीतरी कळलं. तिने आपले हात पुढे केले, उलटेसुलटे. अंगठा आणि तर्जनी टोचून टोचून खरबरीत झालेली. जुने व्रण, नवे व्रण. चिमटीने ओढून दाखवलं: असे काढते, रोज सकाळी, मागच्या खोलीत, मीच.

जयवंतीने तो हात धरला. आपला अंगठा त्या अंगठ्यावर टेकवला. तीच जागा. तेच व्रण.

जन्मभर तिने काटे काढले होते. आज, परक्या किनाऱ्यावर, कुणीतरी तिच्यासाठी काढले होते. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

मॉरीनने गार ताटली नेली, नवी आणली. "घे. गरम आहे तोवर खा." हातानेच वाफ दाखवली. हे मात्र जयवंतीला पुरतं कळलं. गरम आहे तोवर खा. हे वाक्य तिने किती जणांना म्हटलं होतं. तिला कुणी म्हटल्याचं आठवेना.

ती जेवली. न शोधता, न निवडता, कढत कढत. शनिवारचं ते वाक्य जेवताना एकदाही आठवलं नाही.

शेवटच्या घासाला जिभेच्या टोकाशी काहीतरी टोचलं. बारीक, पापणीच्या केसाएवढं. गल्ल्यामागून मॉरीन बघतच होती. भुवया उंचावून तिने विचारलं, कसा होता?

"एकय नाय," जयवंती हसून म्हणाली, आणि मान हलवली, ठाम.

मग खिडकीकडे पाहत, तोंड पुसल्यासारखं करून, तिने तो काटा बोटांत घेतला आणि कोटाची बटणं लावत उठली.

बाहेर पाणी वळलं होतं. धूम्रवर्ण, मंदगती, वाळूवर पुन्हा चढू लागलं होतं. त्या पाण्याच्या कडेकडेने एक जांभळं लुगडं सावकाश दूर जात होतं, एकटंच. आणि आत, रिकाम्या टेबलावर, ताटलीच्या कडेखाली, एक काटा. ताटली उचलणाऱ्या हातांची वाट पाहत.