टोपीतून उतरलेले गवत

मित्रांनो, मी गवताचा एक जुना ठोंब आहे. हंगेरीच्या मैदानात, गावाबाहेरच्या टेकाडावर जी दफनभूमी आहे, तिथे माझे घर. भोवतालची सारी माळजमीन नांगराखाली गेली. देवाची म्हणून एवढीच उरली. मे महिन्यात मला लांब रुपेरी पिसे येतात. इथले लोक मला 'पोरक्या पोरीचे केस' म्हणतात.

मी आलो एका टोपीतून. आम्ब्रुश गुराखी माझ्या आईची पिसे टोपीत खोवून मिरवायचा. तो देवाघरी गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, रोझालने, ती टोपी कबरीच्या लाकडी खांबावर अडकवली. आमच्या पिसाच्या बुडाशी बी असते. ते खाली पडले, की भिजता-सुकता पिसाचा पीळ सुटतो, पुन्हा बसतो आणि बी मळसूत्रासारखे मातीत शिरते. तसाच मी शिरलो.

दर रविवारी चर्चमधून रोझालआजी थेट इकडे यायची. जपमाळ ओढून झाली, की हाताने तण उपटायची. मला मात्र राखायची. हिवाळ्यात मी वाळायचो, पण मुळे जागी असायची. सुखात होतो.

पुढे शेजारच्या कबरींवर एकेक सिमेंटची लादी आली. त्याच टोपीतून तिथे रुजलेली माझी भावंडे त्या लाद्यांखाली गेली. एके दिवशी आजीची सून पिरोश्का आजीला आणि गवंड्याला घेऊन आली. गाडीत लादी तयार होती.

"आई, लोक हसतात हो. म्हणतात, मामंजींच्या कबरीवर झिंज्या वाढल्यात."

"वाढू देत. जन्मभर टक्कल मिरवलं त्यांनी. आता कुठं केस आलेत."

गवंडी खाली बघून हसला. पिरोश्काने ओठ आवळले, पण तिलाही हसू आवरेना.

"मग या लादीचं काय करू? डोक्यावर घेऊन हिंडू?"

"पायथ्याशी दोन दगडांवर ठेव रे बाबा," आजी गवंड्याला म्हणाली. "त्यांना निजायला माती पुरते. बसायला मलाच लागतं, गुडघे गेलेत."

असा त्या लादीचा बाक झाला.

यंदा आजीला टेकाड चढवेना. पिरोश्का एकटीच आली, हातात विळा. माझे काही खरे नाही, असे वाटले. तिने विळा बाकावर ठेवला, भोवतीचे तण उपटले आणि माझी वाळकी पाती बोटांनी सावकाश विंचरून काढली. वेणी घालण्याआधी विंचरावे तशी.

मित्रांनो, कुठेही साफसफाई करताना आधी जरा वाकून बघा, तिथे कोणी राहते आहे का.

लोक मला अजून पोरकाच म्हणतात. म्हणू देत.