न पाहिलेला घाट

गयासभाईंना आपल्या गाडीत बसवून घ्यायला ओळखीतलं कुणी तयार नसे. व्याह्यांच्या धाकट्या मुलानं नवी मोटार घेतली आणि हौसेनं त्यांना गुलमंडीपासून दौलताबादपर्यंत फिरवून आणलं, तेव्हा गयासभाईंचा उजवा पाय सारा वेळ समोरच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. म्हैस दिसली, दाबला. वळण आलं, दाबला. काहीच आलं नाही तरी एकदा दाबून पाहिला. घरी परतल्यावर त्या बिचाऱ्यानं पायाखालची चटई उचलून पाहिली, खाली खळगा तर पडला नाही ना म्हणून.

एसटीत त्यांची एकतीस वर्षं गेली आणि त्यातली तेवीस एकाच मार्गावर. औरंगाबाद, कन्नड, मग घाट, खाली चाळीसगाव. ड्रायव्हर गयास खान आणि कंडक्टर रामकिसन, अशी ती जोडी होती. सकाळची सहाची गाडी. वेरूळला दुधाच्या कॅन चढायच्या, हतनूरला चहा, कन्नडच्या बाजाराच्या दिवशी टोपलीतल्या कोंबड्या आणि त्यांच्याहून जास्त बोलणाऱ्या बाया. माहेराहून निघालेली लेक खिडकीशी बसून कन्नडपर्यंत रडायची आणि घाट लागला की डबा सोडून खायला बसायची. चाळीसगावच्या स्टँडवर गाडी उभी राहिली की गयासभाई उतरून आधी रांजणापाशी जात आणि तांब्याभर पाणी मानेवर ओतून घेत. उन्हाळा असो की थंडी, तो तांब्या चुकला नाही. लोक त्याला खानसाहेबांचा रुबाब समजत.

रामकिसनचं आणि त्यांचं भांडण तेवीस वर्षांत एकाच गोष्टीवरून झालं. कन्नड सोडल्यावर दहा किलोमीटर सरळ रस्ता होता, पण हा गडी त्यात तिकिटं फाडायचा नाही. कुणाशी तरी गप्पा मारत बसायचा. घाटातलं पहिलं वळण आलं की उठायचा, आणि गाडी एवढी हेलकावत असताना एका हातानं दांडा धरून, पोटाशी ट्रे सांभाळत तिकिटं द्यायचा. एखाद दिवशी चेकिंगवाले भेटले तर दोघांचं कल्याण होईल, असं गयासभाईंनी शंभरदा सांगितलं असेल. रामकिसन व्हय म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं गयासभाईंनी नाद सोडला. मागून येणाऱ्या, तिकिटाला भोक पाडायच्या पंचच्या टकटकीची त्यांना सवयच झाली, इतकी की रामकिसन रजेवर असला की घाट त्यांना मुका वाटे.

निवृत्तीनंतर रामकिसन कन्नडला आपल्या शेतावर गेला आणि गयासभाई शहागंजमधल्या घरी बसले. एकुलती एक लेक जहांआरा लग्न करून टोरांटोला गेली, त्याला आता सात वर्षं होत आली होती. नातू पाच वर्षांचा झाला. त्यानं नानांना पाहिलं होतं ते फक्त फोनच्या काचेत, दाढीपासून टोपीपर्यंत. नानांना पायही असतात, हे त्या पोराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना बोलावणं आलं होतं. तिकिटं आली, व्हिसा आला, सूटकेसला दोरी बांधून झाली. मुंबईच्या विमानतळावर रांग लागली तेव्हा गयासभाई उठले, पाच पावलं चालले, काचेतून ते भलंमोठं विमान पाहिलं आणि परत येऊन खुर्चीवर बसले. बायकोनं, अनवरीनं, हात धरून ओढलं, तरी उठवेना. भोंग्यावरून त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं. मग विमानाच्या पोटात गेलेल्या त्यांच्या बॅगा शोधून बाहेर काढाव्या लागल्या आणि विमान पाऊण तास उशिरा सुटलं. ज्याच्या गाडीवर चाळीसगावचे दुकानदार घड्याळ लावत, त्या माणसानं एक अख्खं विमान लेट केलं. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही.

मोहल्ल्यात त्यांनी व्हिसाचा घोळ झाला म्हणून सांगितलं. अनवरीनं ते खोटं इमानानं सांभाळलं. नवऱ्याला एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त जहांआरासाठी घातलेलं पाच किलो आंब्याचं लोणचं तिनं घरातच काढलं आणि रोज दोन्ही वेळेला त्यांच्या ताटात वाढलं. ते आठ महिने पुरलं. गयासभाई मुकाट्यानं खात होते.

आणि आता जहांआराला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी पाय खाली टेकवायचा नाही, असं बजावलं होतं. जावई दिवसभर कामावर, घरात पाच वर्षांचं पोर, आणि ही बिछान्यात. फोनवर तिनं या म्हटलंच नाही. म्हणाली, अब्बा, तुम परेशान नक्को होओ, मैं करलेतूं. ती आपल्याला ओळखून आहे आणि वरून सांभाळूनही घेते आहे, हे गयासभाईंना फार लागलं. ती या म्हणून रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

अनवरीनं त्या दिवशी स्वयंपाक आटोपला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दो तिकिटां मंगारी मैं," ती म्हणाली. "तुमना आना है तो आओ. नै तो मैं अकेली जातूं."

जी बाई आयुष्यात जालन्यालाही एकटी गेली नव्हती, ती हे बोलली. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून तिनं एक वाक्य पाठ करायला घेतलं. भाजी चिरताना, भांडी लावताना स्वयंपाकघरातून आवाज येई: "प्लीज, व्हेअर इज द गेट?" गयासभाई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसत. प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

वाक्य पाठ झाल्यावर अनवरीनं कन्नडला फोन लावला आणि व्हिसाच्या घोळाची खरी हकीकत रामकिसनला सांगून टाकली.

रामकिसन दुसऱ्याच दिवशी पेरूंची पिशवी घेऊन हजर झाला. विमानाचं नाव त्यानं काढलं नाही. जेवला, पान खाल्लं आणि म्हणाला, चल, चाळीसगावला जाऊन चहा पिऊन येऊ. गयासभाईंनी विचारलं, कशानं? एसटीनं, आणखी कशानं. तेव्हा गयासभाईंच्या ध्यानात आलं की तो घाट आपण पॅसेंजर म्हणून कधी उतरलोच नाही. नको म्हणायला जीभ उचलली, पण स्वयंपाकघरातून पुन्हा ते इंग्रजी वाक्य आलं आणि ते चप्पल शोधायला उठले.

गाडीला ड्रायव्हर तरणा होता आणि कंडक्टर एक बाई होती. दोघे डाव्या बाजूला, तिसऱ्या सीटवर बसले. वेरूळपर्यंत गयासभाईंनी ड्रायव्हरच्या चुका मोजल्या, हतनूरपर्यंत त्या रामकिसनला ऐकवल्या. बाईनं कन्नड सोडताक्षणी सगळ्यांना मशीनवरून तिकिटं देऊन टाकली. बघ, असं काम असतं, असं गयासभाईंनी सुनावलं. रामकिसननं समोरचा दांडा धरला.

घाट सुरू झाला. गयासभाईंचा पाय पुढच्या सीटच्या नळीवर गेला आणि पहिल्याच वळणाला त्यांनी ब्रेक दाबला. दुसऱ्याला जोरात दाबला. मग शेजारी पाहिलं, तर रामकिसननं डोळे घट्ट मिटले होते आणि त्याची दोन बोटं समोरच्या दांड्यावर टकटक करत होती. पंचची तीच जुनी चाल.

"कामून रे, चक्कर येती का?"

"नाय. भेव वाटतं," रामकिसन डोळे न उघडता म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाटतं."

मग तो सांगत राहिला. ह्या मार्गावर ड्युटी लागली त्या आठवड्यातच तो बदली मागायला साहेबाच्या दारापर्यंत गेला होता. एवढा बाप्या माणूस दरीला भितो हे सांगायची लाज वाटली म्हणून तसाच परतला. मग त्यानं युक्ती काढली. तिकिटं घाटासाठी राखून ठेवायची. खाली मान घालून पैसे, सुट्टे, पंच, पुन्हा पैसे. खिडकीकडं बघायला सवडच ठेवायची नाही. शंभर शिव्या खाल्ल्या, पण तिकिटं घाटातच फाडली.

"अन् लईच झालं का तुझ्याकडं पाहायचो," तो म्हणाला. "तेवीस वर्षं झाली, गयासभाई, म्या हा घाट पाह्यलाच नाय. तुझी मान पाह्यली. ती कधी हलली नाय. म्हणलं, ह्याला भेव नाय, तर मला कामून?"

 गयासभाईंना ते सारं डोळ्यांसमोर दिसलं: श्रावणातलं धुकं, पुसणीनं न पुसली जाणारी काच, पाठीवर साठ माणसं, आणि मागून येणारी ती टकटक. आपल्यामागं एक बेफिकीर माणूस मजेत तिकिटं फाडतो आहे, एवढ्याच आधारावर त्यांनी तो घाट काढला होता. ही गोष्ट त्यांनी अनवरीलाही कधी सांगितली नव्हती.

"ती मान आखडायची रे," ते म्हणाले. "भेवानं. पार चाळीसगावपस्तोर वळायची नाय."

रामकिसननं डोळे उघडले.

"मंग ते पाणी?"

"तेच्यासाठीच. पाणी वतल्याबिगर मोकळी व्हायची नाय."

रामकिसन त्यांच्याकडं बघतच राहिला. त्याचा तेवीस वर्षांचा आधार हा असा निघाला होता. गयासभाईंना आता थांबवेना. विमानात बसवत नाही ते ह्याच्यामुळंच, ते म्हणाले. तो पुढं बसलेला माणूस टोपी घालून हसतो बिसतो, पण ड्रायव्हरच्या पोटात काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्यानं खुशाल बसावं.

रामकिसननं जरा विचार केला.

"आसंल त्येच्या पोटात," तो म्हणाला. "पर आपली गाडी चाळीसगावला पोचायची का नाय?"

"पोचायची."

"रोज?"

"रोज."

"टायमात?"

"टायमात."

"मंग," रामकिसन म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. मग गयासभाईंनाही आवरेना. दोन म्हातारे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते आणि ती कंडक्टर बाई मागं वळून पाहत होती. तेवढ्यात घाट संपला. त्याही दिवशी तो दोघांपैकी कुणी पाहिला नाही. चाळीसगावला उतरल्यावर रांजणाच्या जागी आता नळ होता. दोघांनी आळीपाळीनं त्याखाली मान धरली आणि मग चहा घेतला.

महिन्यानं गयासभाई आणि अनवरी मुंबईला निघाले, तेव्हा रामकिसन औरंगाबादच्या स्टँडवर पोचवायला आला होता. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून अनवरीनं नवऱ्याच्या दंडावर इमाम जामिनचा रुपया हिरव्या कापडात बांधला होता. सूटकेसमध्ये नवं लोणचं होतं. गाडी सुटायच्या वेळी रामकिसन आत चढला, सामान नीट लावलं आहे का पाहिलं आणि उतरता उतरता खऱ्या कंडक्टरच्या आधी त्यानंच घंटीची दोरी दोनदा ओढली. कंडक्टर काही म्हणायच्या आत गाडी हललीसुद्धा.

विमानतळावर अनवरीनं आपलं वाक्य दोन ठिकाणी वापरलं आणि दोन्ही ठिकाणी माणसांनी बरोबर वाट दाखवली. गयासभाई तिच्यामागून चालत होते. रांग लागली. ह्या वेळी त्यांनी काचेकडं पाहिलं नाही. पुढच्या माणसाच्या कॉलरवर नजर ठेवली आणि पावलं मोजत आत गेले. खुर्ची सापडली, पट्टा बांधला. विमान सरकू लागलं, वळलं आणि थांबलं. उजवा पाय आपण होऊन पुढच्या खुर्चीखाली जाऊन बसला.

कुठंतरी वर घंटी वाजली. टिंग, टिंग.

गयासभाईंनी कान टवकारले. मागं कुणीतरी सगळी माणसं बसली का ते पाहिलं होतं आणि ड्रायव्हरला कळवलं होतं. म्हणजे इथंही मागं एक रामकिसन होता आणि पुढं आखडलेल्या मानेचा एक गयास. आवाज वाढला, खुर्च्या थरथरल्या आणि अंग मागं रेटलं गेलं. मान तिथंच धरली. आता ती टोरांटोपर्यंत सुटणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

दंडावर काहीतरी घट्ट आवळलं गेलं. अनवरीचा हात होता. इतके दिवस एकटी जाते म्हणणाऱ्या त्या बाईचा हात बर्फ झाला होता. ती खिडकीकडं पाहत नव्हती. ती एकटक त्यांच्या मानेकडं पाहत होती.

"तुमना डर नै लगरा ना?" तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

तिच्याकडं वळून उत्तर देणं गयासभाईंना शक्यच नव्हतं. त्यांनी समोर बघतच सांगितलं, "डर कायका? सो जाओ तुम."

अनवरीनं थोडा वेळ ती मान न्याहाळली. ती जराही हलत नव्हती. मग तिनं डोळे मिटले आणि तासाभरात तिला गाढ झोप लागली. गयासभाई जागे राहिले. भीती कुठंही गेलेली नव्हती. पण त्या भीतीला बरोबर घेऊन घाट काढायची त्यांना तेवीस वर्षांची सवय होती.

टोरांटोला उतरल्यावर त्यांनी आधी नळ शोधला आणि ओंजळभर पाणी मानेवर घातलं. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. विमान टायमात आलं होतं. बाहेर जावयाचा हात सोडून एक पोरगं पळत आलं आणि त्यानं नानांच्या उजव्या पायाला मिठी मारली. सारी वाट ब्रेक दाबून तो पाय बधिर झाला होता, तरी गयासभाईंनी तो जागचा हलवला नाही.